संगणकाचा पडदा थिजतो तेव्हा

छत्रपती संभाजीनगरहून जळगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरील सिल्लोड तालुका कापूस आणि मका पिकविणारा म्हणून परिचित आहे. या तालुक्यातील गावांत संगणक ही आता नवलाईची वस्तू राहिलेली नाही. २००१ मध्ये सुरू झालेल्या 'एमएस-सीआयटी' अभ्यासक्रमाने शिक्षक व कर्मचारी वर्गाला संगणकाची ओळख करून दिली. २०११ मध्ये 'संग्राम' प्रकल्पाद्वारे राज्यातील ग्रामपंचायतींत संगणक आणि ते चालविणारे परिचालक आले, आणि २०१६ पासून 'आपले सरकार सेवा केंद्रां'नी ते काम पुढे चालविले. आज शिष्यवृत्तीचा अर्ज असो, पीकविमा असो वा शाळेची पटनोंदणी असो, घरातल्या किंवा कार्यालयातल्या पडद्यावरच ती पुरी करावी लागते. अशा वेळी अखेरच्या तारखेला, अखेरच्या तासात पडदा थिजला तर एखाद्या विद्यार्थ्याचे वर्षाचे नुकसान होऊ शकते. म्हणूनच संगणक 'हँग' का होतो आणि चित्र का बिघडते, याची माहिती तो वापरणाऱ्या प्रत्येकास असणे अगत्याचे ठरते.

बिघाड कोठे आहे?

पडदा स्तब्ध झाला म्हणजे संगणक बंद पडलाच असे नाही. कळफलकावरील 'कॅप्स लॉक'ची कळ दाबून पाहावी. तिचा दिवा लागत-विझत असेल तर यंत्र जागे आहे, केवळ एखादा कार्यक्रम अडकला आहे, असे बहुधा समजावे. दोन-तीन मिनिटे थांबूनही तो सुटला नाही तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबाव्यात. 'टास्क मॅनेजर'ची चौकट उघडते आणि अडकलेला तेवढा कार्यक्रम तिच्यातून बंद करता येतो. पडदा काळा पडला किंवा चित्र गोठले, पण यंत्र चालू असल्याची चिन्हे आहेत, अशा स्थितीत विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि 'बी' या चार कळा एकत्र दाबल्यास चित्र-यंत्रणा नव्याने सुरू होते. हा उपाय फारसा कोणास ठाऊक नसतो. दिवाही हलत नसेल तर मात्र चालू-बंदची कळ सुमारे दहा सेकंद दाबून धरण्यावाचून मार्ग उरत नाही. हा उपाय शेवटचाच मानावा. कारण जे लिखाण अद्याप डिस्कवर उतरलेले नसते ते यात नष्ट होते, आणि त्याच क्षणी लिहिली जात असलेली फाइल खराब होण्याचाही संभव असतो.

चित्रात आडव्या-उभ्या रेघा, रंगीत ठिपके किंवा थरथर दिसू लागली की लोक प्रथम मॉनिटरला दोष देतात. तो दोष खरोखर त्याचा आहे काय, हे ठरविण्याच्या तीन साध्या कसोट्या आहेत. मॉनिटरच्या कडेच्या कळा दाबून त्याची स्वतःची सूची पडद्यावर आणावी. सूचीसुद्धा विस्कटलेली दिसली तर दोष मॉनिटरमध्ये आहे. ती स्वच्छ असेल आणि मागचे चित्रच बिघडलेले असेल तर दोष तारेत किंवा संगणकात शोधावा. दुसरी कसोटी पडद्याचे छायाचित्र संगणकाच्याच साह्याने, म्हणजे 'प्रिंट स्क्रीन'ने, घेण्याची. ते छायाचित्र दुसऱ्या यंत्रावर किंवा मोबाइलवर उघडावे. त्यातही रेघा असतील तर बिघाड बहुधा संगणकाच्या आत, चित्र तयार होण्याच्या टप्प्यावर आहे. नसतील तर तो चित्र बाहेर पडल्यानंतरचा आहे. तिसरी कसोटी तार बदलण्याची, अथवा घरच्या दूरचित्रवाणी संचास संगणक जोडून पाहण्याची. सैल झालेल्या तारेपायी नवा मॉनिटर विकत घेतला गेल्याची उदाहरणे कमी नसावीत.

धूळ, उष्णता आणि वीज

मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांवर जातो. संगणकातील मुख्य चिप काम करताना स्वतःही तापते. तिची उष्णता धातूच्या पात्यांतून आणि पंख्याने बाहेर टाकली जाते. या पात्यांमध्ये धूळ आणि कापसाचे तंतू साचले की वारा कोंडतो. जिनिंगच्या परिसरात, कापूस हंगामात तर हा थर फार लवकर बसतो. चिपचे तापमान शंभर अंशांच्या जवळ जाऊ लागले की ती आपला वेग आपणच कमी करते, आणि तरीही भागले नाही तर यंत्र बंद पडते. सकाळी सुरळीत चालणारा संगणक दुपारी अर्ध्या-पाऊण तासाने थिजू लागला, तर उष्णतेचा संशय प्रथम घ्यावा. वीजपुरवठा तोडून, पिन काढून, मऊ कोरड्या ब्रशाने धूळ झाडावी. झाडताना पंखा बोटाने धरून ठेवावा, तो गरगर फिरू देऊ नये. 'रॅम'ची पट्टी काढून तिच्या सोनेरी टोकांवरून खोडरबर हलकेच फिरवावे आणि ती पुन्हा घट्ट बसवावी. एवढ्यानेही कित्येक यंत्रे पूर्ववत चालू लागतात. वीज पुरविणारी 'एसएमपीएस'ची पेटी मात्र घरी उघडू नये. पिन काढल्यानंतरही तिच्यात धोकादायक विद्युतभार काही काळ टिकून राहतो. लॅपटॉप गादीवर वा उशीवर ठेवून वापरणे म्हणजे त्याचा श्वास कोंडणेच होय.

विजेचा प्रश्न याहून अवघड आहे. रब्बीत कृषिपंप एकाच वेळी सुरू झाले की दाब खाली येतो, ते बंद होताच वर चढतो. या चढउताराने संगणक अचानक पुन्हा सुरू होतो किंवा पडदा क्षणभर मिटतो. चांगला यूपीएस काही मिनिटांची उसंत देतो. ती काम जतन करण्यासाठी असते, काम पुढे चालू ठेवण्यासाठी नव्हे. पेटीस हात लावताच झिणझिण्या येत असतील तर घरातील 'अर्थिंग' तपासून घेणे तातडीचे समजावे. वळवाच्या पावसात विजा कडाडू लागताच पिन आणि इंटरनेटची तार दोन्ही काढून ठेवाव्यात.

आज्ञावलीतील दोष

यंत्र निर्दोष असूनही ते चालविणारी आज्ञावली बिघडू शकते. १९ जुलै २०२४ रोजी अमेरिकेतील क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीची एक सदोष सुधारणा जगभर पोहोचली आणि सुमारे ८५ लाख संगणकांवर निळा पडदा झळकला. भारतातही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. त्यावरील उपाय मात्र अगदी साधा होता. संगणक 'सेफ मोड'मध्ये, म्हणजे किमान आवश्यक आज्ञावलीवर सुरू करायचा आणि दोषी फाइल काढून टाकायची. घरच्या संगणकासही हीच कसोटी लागू पडते. शिफ्टची कळ दाबून धरून 'रीस्टार्ट' निवडले की सेफ मोडकडे नेणारी सूची मिळते. सेफ मोडमध्ये चित्र स्वच्छ दिसत असेल तर चित्र-यंत्रणेच्या 'ड्रायव्हर'वर संशय घ्यावा आणि तो काढून नव्याने बसवावा. विंडोज १० ला मिळणारा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, हेही जुने संगणक वापरणाऱ्या शाळांनी व पंचायतींनी ध्यानात ठेवावे.

जुने मराठी पत्र उघडताच अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हे दिसली तर तो पडद्याचा दोष नव्हे. ते पत्र युनिकोडपूर्व पद्धतीच्या फॉन्टमध्ये टंकलिखित झालेले असते. तो फॉन्ट बसविला, किंवा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित केला, की ते वाचता येते.

हार्ड डिस्कचा बिघाड सर्वांत गंभीर होय. यंत्र वारंवार थिजते, डिस्कचा दिवा अखंड जळतो, आतून टकटक असा आवाज येतो, ही तिची लक्षणे आहेत. अशा वेळी दुसरे काहीही करण्यापूर्वी दाखले, निकालपत्रे, नोंदवह्या यांची प्रत बाहेरील डिस्कवर घ्यावी. दुरुस्तीच्या दुकानात पुष्कळदा पहिलाच सल्ला 'फॉरमॅट करू' असा मिळतो. त्याने साचलेली धूळ वा सैल पट्टी दुरुस्त होत नाही, जपलेली माहिती तेवढी जाते. बिघाड कोणत्या वेळी, कोणता कार्यक्रम चालू असताना झाला, निळ्या पडद्यावर कोणता संकेतशब्द दिसला आणि आवाज आला काय, हे कागदावर लिहून तो कागद यंत्राबरोबरच दुरुस्ती करणाऱ्याच्या हाती द्यावा.