खर्जाची तार निवडताना

तंबोऱ्याची चौथी तार, म्हणजे खर्ज, तुटली की बहुतेक जण मिळेल ती पितळी तार ओढतात. सूर लागतो, पण घुमारा येत नाही. मिरजेच्या कारागिराने जवारी काढलेली असते ती ठरावीक सुरासाठी आणि ठरावीक जाडीच्या तारांसाठी. म्हणून तार मोजूनच घ्यावी. भोसरी-चाकणच्या कारखान्यांच्या पट्ट्यात ते अवघड नाही. मायक्रोमीटर हाताळलेला माणूस इथे शेजारीच सापडतो.

खर्ज मधल्या जोडीच्या तारांहून एक सप्तक खाली, म्हणजे कंपने निम्मी. लांबी तीच आणि ताणही तेवढाच ठेवायचा, तर तारेचे दर मीटर वजन चौपट हवे, म्हणजे जाडी दुप्पट. जोडीला 28 गेजची पोलादी तार (0.376 मिमी) असेल, तर खर्जाला पोलाद 0.75 मिमी लागेल. पितळ थोडे जड, त्याला 0.72 पुरते. 22 गेजची तार 0.711 मिमीची असते. काळी एकच्या मर्दानी तंबोऱ्याला इथून सुरुवात करावी आणि ताण जास्त वाटला तर 23 किंवा 24 लावून ऐकावी. गेजचा आकडा वाढतो तशी तार बारीक होते, हे दुकानात विसरू नये.

नायलॉन का चालत नाही? ते पितळेच्या जेमतेम आठव्या हिश्श्याइतके जड. तोच खर्ज त्याच ताणावर हवा, तर तार जवळजवळ दोन मिलिमीटर जाड होईल. इतकी जाड तार घोडीवर बोलत नाही. युरोपातल्या ल्यूटलाही हीच अडचण आली, तेव्हा इटलीतल्या अक्विला कंपनीने कृत्रिम तारेत तांब्याची पूड मिसळून ती जड केली.

जाड तार तुटत नाही, हा मात्र गैरसमज आहे. त्याच सुरासाठी जाड तारेला ताणही त्याच प्रमाणात जास्त द्यावा लागतो. तार वारंवार तुटत असेल, तर तारगहनाचे छिद्र आणि घोडीची कड तपासा.

नवी तार लावल्यावर जवारीचा दोरा सरकवावाच लागतो. बोटाच्या मांसल भागाने तार हलकेच छेडा. खर्जातून गंधार स्वच्छ उमटला, तर निवड बरोबर.

मग जाडी आणि धातू एका चिठ्ठीवर लिहून ती गवसणीत ठेवा. पुढच्या वेळी तीच तार मागता येईल.