श्वासाच्या बेताने किल्ल्यावर

लष्करात उभा जन्म काढलेल्या माणसाला ग्वाल्हेरचा किल्ला तो काय दाखवायचा, असे कोणीही म्हणेल. गच्चीवरून तो रोज दिसतोच. पाहुणे आले की त्यांना उरवाईच्या वाटेने मोटारीतून वर न्यावे, मानमंदिर दाखवावे आणि जेवणाच्या वेळेला घरी परतावे, ही आपल्या घरोघरची रीत. पण हाथीपोलाच्या चढणीने पायी असा मी बारा वर्षांत गेलो नव्हतो. कारण दमा.

आमच्या वडिलांनाही तो होता. पण जन्मभर त्यांनी त्याला ‘जराशी सर्दी’ म्हटले. हिवाळ्यात आम्ही मुले चढण धावत चढत असू आणि ते खाली गुजरी महालापाशी वर्तमानपत्र उघडून बसत. त्यांना वर येण्याची हौस नाही, अशीच आमची समजूत होती.

यंदा संक्रांत झाल्यावर अकरावीतली नात म्हणाली, “आजोबा, शून्याचे देऊळ मला दाखवाल? पायीच जाऊ.” नाही म्हणवेना.

पहाटेचे फिरणे आरोग्याचे, असे आपण मानतो. दमेकऱ्याला ते हिवाळ्यात बाधते. रात्री थंड हवा जमिनीलगत साचते, तिच्यावर उबदार हवेचे झाकण बसते आणि शहरातला सारा धूर खाली कोंडून राहतो. म्हणून धुके फिटून ऊन तापू लागल्यावर, अकराच्या सुमारास आम्ही किला गेटपाशी उतरलो. माझ्याकडे दोन पंप असतात. एक रोजचा, श्वासनलिकांची सूज कमी ठेवणारा. दुसरा आवळलेल्या नलिका लगेच मोकळ्या करणारा. माझ्या डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे हा दुसरा मी चढणीआधी पंधरा मिनिटे घेतला, नाकातोंडावरून मफलर गुंडाळला आणि नाकानेच श्वास घेत निघालो. नाकातून जाताना हवा ऊन आणि ओलसर होते. तोंडाने ओढलेली कोरडी, गार हवा नलिकांना झोंबते आणि त्या आवळतात.

टेकडी तशी तीनएकशे फुटांचीच, पण फरसबंदी वाट उभी चढते. नियम एकच ठरवला : बोलता येईल इतक्याच चालीने चालायचे. आलमगीरी दरवाजा मागे पडला, हिंडोला पडला. लहानपणी हे दरवाजे मी कधी धड पाहिलेच नव्हते. धावणाऱ्याला ते केवळ ओलांडायचे असतात.

गणेश दरवाज्यापाशी मात्र छातीत शीळ वाजू लागली. खरे सांगतो, पहिला विचार आला तो लपवण्याचा. येणारी-जाणारी माणसे पाहत होती. पण वडिलांचे ते वर्तमानपत्र डोळ्यांपुढे आले. कठड्यावर बसलो, सर्वांदेखत पंप काढून औषध ओढले आणि ओठांचा चंबू करून श्वास सावकाश सोडत राहिलो. पाच-दहा मिनिटांत छाती हलकी झाली. तेव्हा ध्यानात आले की शीळ थांबलेली नाही. ती नातीच्या छातीतून येत होती.

“तुलाही होते का गं?”

“थंडीत रात्री होते. आई म्हणते, कोणाला सांगू नकोस. एकदा पंप लागला की सुटत नाही, आणि पुढे स्थळे बघताना अडचण येईल. आजोबा, तुमचा पंप मी एकदा ओढू?”

“तो माझ्यासाठी ठरवलेला आहे. तुझा डॉक्टरांना विचारून घेऊ. तोवर बस माझ्याजवळ.”

खिशातली गजक काढली आणि तिचा श्वास शांत होईपर्यंत दोघे उन्हात बसलो. खाली शहरावर राखी रंगाचा थर अजून तरंगत होता. मग दर वळणावर थांबत चतुर्भुज मंदिर गाठले. एकाच खडकातून कोरलेले हे लहानसे विष्णुमंदिर. इथल्या इ.स. ८७६ च्या लेखात २७० हात लांबीच्या बागेची आणि रोजच्या ५० फुलमाळांची नोंद आहे. त्या आकड्यांत शून्य आहे. जगातले पहिले शून्य म्हणून आपण अभिमानाने सांगतो, कंबोडियातला इ.स. ६८३ चा लेख त्याहून जुना, हेही नातीला सांगितले. त्याने आपल्या शून्याचा मान कमी होत नाही.

हाथीपोल वर जवळच होता. नातीने विचारले, “जायचे?” मी म्हटले, “आज इथवरच.” दोघांच्या छातीचा कौल तोच होता.

संध्याकाळी सूनबाईला सारे सांगितले. “पंपाने सवय लागत नाही, आजार राहतो म्हणून औषध राहते. आणि झाकलेला दमा काय करतो, ते मी माझ्या वडिलांच्या रूपाने पाहिले आहे.” ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “बाबा, उद्या डॉक्टरांकडे किती वाजता जायचे?”

तपासणी झाली, दमाच निघाला. नातीचा पंप आता माझ्या पंपांशेजारी दिवाणखान्यातल्या फळीवर असतो. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो दिसतो, आणि सूनबाई तो उचलून ठेवत नाही. हाथीपोल आम्ही होळीच्या आधी गाठणार आहोत, थांबत थांबत.