मशीन उघडण्याआधी

सकाळी ८.३०
पिशवी भरली: पाने, मल्टीमीटर, स्पिरिट लेव्हल, टॉर्च, जुनी फडकी आणि एक पसरट ताटली. स्क्रूड्रायव्हर तळाला. फ्रंट लोड वॉशिंग मशीनचं बरंचसं दुखणं मशीनच्या बाहेरच सापडतं: जमिनीत, पाण्यात, नाहीतर कुणाच्या खिशात.

९.३०, सिंहगड रोड
नवं मशीन पिळायला लागलं की बाल्कनीतून हॉलकडे निघतं. काकूंनी पुढे वीट लावून ठेवली होती. आधी मागची बाजू बघितली. वाहतुकीत टब हलू नये म्हणून कंपनी तिथे बोल्ट आवळून पाठवते. ते काढायचे राहिले, तर टबला झुलता येत नाही आणि सगळा हादरा बॉडीला बसतो. इथे ते काढलेले होते. मग समोरासमोरचे कोपरे आळीपाळीने दाबले. पुढचा डावा पाय अधांतरी. बाल्कनीच्या फरशीला पाणी वाहून जायला उतार असतो, त्याचा हा प्रताप. चाकांचा स्टँड काढायला लावला, पाय खाली उतरवला, बुडबुडा मधे आणला आणि चेकनट वर, बॉडीला भिडवून आवळला. हा नट ढिला राहिला की पाय हादऱ्याने पुन्हा फिरतो.

"एवढंच होतं?" काकूंनी विचारलं. एवढंच होतं.

११.००, कोथरूड
आत पाणी तुंबलेलं, दार उघडेना. प्लग काढला आणि दोन मिनिटं थांबलो. कुलूप गार झाल्याशिवाय सुटत नाही. मशीनच्या पायथ्याशी एक छोटं झाकण असतं, त्यामागे फिल्टर. तो एकदम फिरवला तर घरभर पाणी, म्हणून थोडा ढिला करायचा, ताटली भरली की परत आवळायचा. निघालं काय? दोन रुपयांचं नाणं, केसांची पिन आणि बाळाचा एक मोजा. टॉर्च मारून पंपाचा पंखा बोटाने फिरवला. तो अडखळत, टप्प्याटप्प्याने फिरला. आत चुंबक असतं, त्यामुळे तो असाच फिरायला हवा. अगदी सैल फिरला असता, तर मात्र काळजी होती.

१.००
डबा. फोन चालूच.

२.३०, वाघोली
गरम पाण्याचा प्रोग्रॅम लावला की ईएलसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच, पडतो. टँकर आणि बोअरचं पाणी, त्यामुळे संशय थेट हीटरवर. दोन हजार वॉटचा हीटर साधारण २६ ओहम दाखवतो. यानेही तेवढाच दाखवला, पण अर्थिंगशी मोजल्यावर गळती निघाली. मधला नट ढिला करून बाहेर ओढला, तर अंगावर क्षारांचं जाड पांढरं कवच, आणि त्याखाली नळीला चीर. नवा बसवताना त्याचं टोक टबातल्या पट्टीखाली गेलं की नाही, ते हाताला जाणवावं लागतं. नाही गेलं तर ड्रम त्यावर घासतो. दादांना सांगितलं: अधूनमधून शंभरेक ग्रॅम सायट्रिक ॲसिड घालून मशीन रिकामं, गरम पाण्यावर चालवा.

५.००, विमाननगर
जुनं मशीन, पिळताना विमान उतरल्यासारखा आवाज. ड्रमचा काठ धरून वर उचलला तर खेळ लागला. हाताने फिरवला तर मागून घरघर. सील झिजलं की पाणी बेअरिंगमध्ये शिरतं आणि ते गंजतं. या मॉडेलचा टब कारखान्यातच चिकटवून बंद केलेला, म्हणजे बेअरिंगसाठी अख्खा टब घ्यावा लागणार. खर्च स्पष्ट सांगितला. निर्णय घरच्यांचा.

६.३०, जवळच, शेवटचा मजला
पाणी भरेना. इनलेटची जाळी पकडीने ओढून काढली, वाळूने गच्च. साफ केली तरी धार बारीकच. गच्चीवरची टाकी डोक्यावरच, उंची अपुरी. ०.३ बार दाब हवा, तर पाणी तीनेक मीटरवरून यायला हवं. प्रेशर पंप सुचवला, म्हणजे काम प्लंबरचं.

रात्री ८.३०
हिशेब लिहिला. उद्याच्या पहिल्या गिऱ्हाइकाचा निरोप: "मशीन पूर्ण बंद आहे, येताना पीसीबी घेऊनच या." दुकानदारही पाठवायला तयार. आधी सॉकेटमधला व्होल्टेज मोजतो. पीसीबी, म्हणजे मशीनचा कंट्रोल बोर्ड, तोवर दुकानातच राहू दे, तो महाग असतो आणि एकदा लावला की परत घेत नाहीत.