कडू चॉकलेटला करवंदाची जोड

मैत्रिणींनो, कडू चॉकलेट तुमच्या घरी कुणी आवडीनं खातं का? आमच्याकडे तरी नाही. गेल्या एप्रिलमध्ये भाच्यानं ७० टक्के कोकोच्या दोन मोठ्या वड्या आणल्या. मुलांनी एकेक तुकडा तोंडात घातला आणि "हा तर काढा!" म्हणून पळाली. एवढी महागाची वस्तू नुसती पडून राहिली.

माझा पहिला प्रयोग फसला, तो आधी सांगते. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेऱ्या धुतल्या आणि ओल्याच वितळलेल्या चॉकलेटमध्ये बुडवल्या. बघता बघता त्याचा रवाळ गोळा झाला! थोडंसं पाणी लागलं की कोकोचे नि साखरेचे कोरडे कण एकमेकांना चिकटतात. (असा गोळा टाकून देऊ नका हं. चमचा-चमचा गरम दूध घालून घोटा, छान सॉस होतो.)

सासूबाई कोकणातल्या. मामंजी गेल्यापासून त्यांचं जेवणातलं लक्षच उडालं होतं. पानावर बसायचं, दोन घास ढकलायचे आणि उठायचं. त्या दिवशी गावाहून करवंदं आली होती. मी भांडं खरवडत होते, तर म्हणाल्या, "अगं, नुसतं गोड काय शोधतेस? त्याला आंबट दे." आणि चॉकलेटचा तुकडा करवंदाबरोबर तोंडात टाकला. मग दुसरा. मी मुद्दामच काही बोलले नाही.

त्यांचं खरं होतं. कोकोचा स्निग्धपणा जिभेवर बसून राहतो, आंबटानं तोंड मोकळं होतं. शिवाय कोकोच्या बिया गरासकट आंबवूनच वाळवतात, तेव्हा चॉकलेटला आंबटाचं वावडं कसं असेल?

करवंदं पिकलेली, काळी घ्या. कच्च्यांना चीक असतो. धुऊन अगदी कोरडी पुसा, चिरून बिया काढा आणि दोन दिवस उन्हात सुकवा. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर कोरडा वाडगा ठेवून १०० ग्रॅम चॉकलेट वितळवा. वाडग्याचा तळ पाण्याला टेकू देऊ नका, वाफही आत जाऊ नये. ताटलीत ओतून वर करवंदं पसरा. स्ट्रॉबेरी असेल तर चिमूटभर मिरपूड भुरभुरवा. हसू नका, मेक्सिकोत कोकोच्या पेयात पूर्वापार मिरची घालत आले आहेत! जांभळाच्या वाटेला मात्र जाऊ नका. तुरट नि कडू एकत्र आलं की जीभच आखडते.

पावसाळ्यात करवंदं संपली, तेव्हा आमसुलं अगदी बारीक कातरून घातली. त्यांत मीठ असतंच, आणि मिठानं कडूपणाही कमी लागतो. परवा सासूबाईंनी आपणहून डबा उघडला, एक तुकडा खाल्ला आणि म्हणाल्या, "आमसूल जरा जास्तच पडलंय."

किती महिन्यांनी त्यांनी माझ्या हातच्या पदार्थाला नाव ठेवलं!