म्हैस उड!

झाशीच्या ज्या गणेश मंदिरात १८४२ साली गंगाधरराव आणि लक्ष्मीबाईंचं लग्न लागलं, तिथे गणपतीच्या दिवसांत मराठी घरांतली मुलं जमतात. आरतीला अवकाश असला की गोल करून बसायचं, फरशीवर बोट टेकवायचं, पुकारलेलं उडणारं असेल तरच ते उचलायचं; चुकला तो बाद. ‘चिमणी उड’, ‘कौआ उड़’, मध्येच ‘म्हैस उड’. पुकारा अर्धा मराठी, अर्धा हिंदी. (दोन भाषांत वाढणारी मुलं मनाला आवर घालण्यात सरस असतात, असा दावा होतो, संशोधकांत त्यावर एकमत नाही, आणि या घोळक्यातही मला तसं दिसलं नाही.)

तीन वर्षांचं लिंबूटिंबू सगळ्यालाच बोट उचलतं. त्याला कुणी बाद करत नाही. खरी गंमत पाच वर्षांच्या मुलीची. म्हैस उडत नाही, हे ती ठणकावून सांगते; पण ‘म्हैस उड’ म्हणताच बोट वर! मग ती डाव्या हाताने उजवं बोट दाबून धरते. मागून आई ओरडते, “लक्ष कुठंय तुझं?” लक्ष तिथेच असतं. कळतं पण वळत नाही, ते असं.

मानसशास्त्रज्ञ फिलिप झेलाझो यांनी नव्वदच्या दशकात हेच पत्त्यांवर दाखवलं. आधी रंगाप्रमाणे पत्ते लावायचे, मग आकाराप्रमाणे. तीन वर्षांची मुलं नवा नियम तोंडाने बरोबर सांगतात आणि पत्ते जुन्याच नियमाने लावतात. चौथ्या-पाचव्या वर्षी बहुतेकांना ते जमू लागतं. नियम ध्यानात धरणं, हात आवरणं आणि नियम फिरला की आपणही फिरणं, या तिन्ही क्षमता एकत्र, पण आपापल्या गतीने वाढतात. कपाळामागचा मेंदू तर विशी अर्धी सरेपर्यंत पक्व होत असतो.

आठ वर्षांचा मुलगा म्हशीला फसत नाही, क्षणभर थबकतो. राज्य असलेली अकरा वर्षांची ताई मात्र डाव उलटवते: आता न उडणाऱ्यालाच बोट उचलायचं. लगेच हा बाद. मग ‘पतंग’ आला आणि पतंग उडतो की उडवतात, यावर भांडण जुंपलं. आरती सुरू झाली तरी निकाल लागला नव्हता.

पाच वर्षांच्या मुलाला ‘सांगितलेलं कळत नाही का?’ असं विचारणं अन्यायाचं आहे. त्यापेक्षा त्याच्याशी हा डाव मांडा, आणि राज्य त्याला घेऊ द्या.