रेहेकुरीच्या माळावर फोटो धूसर का येतो?

कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी अभयारण्य काळविटांचं. पण अशा माळरानांवर कापशी घारही शिकार करते. हवेत एकाच जागी पंख फडफडवत ती थांबते, लालभडक डोळे खालच्या गवतावर रोखलेले. ६०० मिलिमीटरची लेन्स लावूनही तिचा दुपारचा फोटो मात्र धूसर येतो. दोष लेन्सचा नसतो. तापलेल्या जमिनीलगतची हवा विरळ होऊन वर चढते, थंड हवेत मिसळते आणि त्यातून येणारा प्रकाश क्षणोक्षणी वेगळा वळतो. अंतर वाढलं की हा थरथराटही वाढतो. मोठी लेन्स तो आणखी ठळक दाखवते. म्हणून सूर्योदयानंतरचा पहिला तास गाठा, शटर १/२००० सेकंदाच्या आसपास ठेवा. आणि विणीच्या काळात घरट्यापासून लांबच राहा.