निर्मळमध्ये ट्राय-टिप? रोस्टबद्दलचे काही गैरसमज

नाताळ जवळ आला की वसईतल्या निर्मळ, नंदाखाल, भुईगाव परिसरातल्या अनेक ख्रिस्ती घरांत रोस्टचे बेत ठरू लागतात. परदेशी स्थायिक झालेले नातेवाईक सुट्टीवर येतात, तिकडच्या पाककृतीही घेऊन येतात. ‘ट्राय-टिप’ ही त्यांतलीच एक. जनावराच्या मागच्या भागातला, मांडीच्या वरच्या बाजूचा हा तिकोनी स्नायू साधारण एक किलोचा असतो. कॅलिफोर्नियातल्या सांता मारिया भागात मीठ, मिरी आणि लसूण लावून तो ओकच्या निखाऱ्यांवर भाजतात. कृती सोपी आहे, पण वसईत ती जशीच्या तशी केली तर मांस वातड होण्याचीच शक्यता जास्त.

गैरसमज : महाराष्ट्रात ‘बीफ’ विकणं सरसकट बेकायदा आहे.
वस्तुस्थिती : गाईच्या कत्तलीवर १९७६च्या महाराष्ट्र प्राणी संरक्षण कायद्याने बंदी आहे. मार्च २०१५पासून लागू झालेल्या दुरुस्तीने वळू आणि बैलही त्या बंदीत आले. मे २०१६मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी कायम ठेवली. म्हशीच्या मांसावर मात्र सरसकट बंदी नाही. खाटकाकडे ‘मोठ्याचं’ म्हणून कायदेशीरपणे मिळतं ते म्हशी-रेड्याचं मांस. ते परवाना असलेल्या दुकानातूनच घ्यावं.

गैरसमज : कृती चांगली असली की मांसाचा कोणताही तुकडा चालतो.
वस्तुस्थिती : अमेरिकेत ट्राय-टिपसाठी वापरलं जाणारं जनावर बहुधा दोन वर्षांच्या आतलं, धान्यावर पोसलेलं असतं. आपल्याकडे म्हैस दुधासाठी किंवा वेतासाठी उपयोगाची उरलेली नाही, असा दाखला मिळाल्यावरच ती कापता येते. म्हणजे मांस मुळातच वयस्क जनावराचं. त्यात चरबी कमी आणि स्नायूंना बांधून ठेवणारं कोलॅजन चिवट. हे कोलॅजन साधारण ७० अंश सेल्सिअसच्या पुढे, तेही सावकाश विरघळतं. त्यामुळे झटपट भाजण्यासाठी खाटकाकडून ‘अंडरकट’, म्हणजे पाठीच्या कण्याखालचा मऊ तुकडा, मागावा. पुठ्ठ्याचा तुकडा घेतला तर जाड बुडाच्या भांड्यात, झाकण ठेवून, मंद आचेवर अडीच-तीन तास शिजवावा. आपल्याकडचा भांड्यातला रोस्ट ही ट्राय-टिपची कमअस्सल नक्कल नव्हे. इथल्या मांसाला तीच पद्धत योग्य आहे.

गैरसमज : आधी मोठ्या आचेवर परतलं की रस आत कोंडला जातो.
वस्तुस्थिती : एकोणिसाव्या शतकात जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांच्यामुळे ही समजूत पसरली, पण ती चुकीची आहे. परतलेल्या पृष्ठभागातूनही पाणी बाहेर येतच राहतं. तरीही परतणं सोडू नये. प्रथिनं आणि साखर यांच्या अभिक्रियेतून तपकिरी रंग आणि खमंगपणा येतो तो त्यामुळेच. त्यासाठी तुकडा कोरडा पुसलेला आणि भांडं चांगलं तापलेलं हवं.

गैरसमज : कच्ची पपई जितकी जास्त, तितकं मांस मऊ.
वस्तुस्थिती : पपईतलं पपेन प्रथिनं तोडतं, पण ते बाहेरच्या थरावरच काम करतं. जास्त लावलं किंवा रात्रभर ठेवलं तर वरचा भाग पिठूळ होतो आणि आतला चिवटच राहतो. किलोला एखादा मोठा चमचा वाटलेली पपई तास-दोन तासांसाठी पुरे. व्हिनेगरही मांसात फार खोल जात नाही.

गैरसमज : रोस्ट कसाही कापला तरी चालतो.
वस्तुस्थिती : चांगला शिजलेला तुकडाही धाग्यांच्या दिशेने कापला तर चावताना लांब धागे दाताखाली येतात. काप धाग्यांना आडवे आणि पातळ हवेत. ट्राय-टिपमध्ये तर धाग्यांची दिशा मध्येच बदलते, म्हणून तो आधी दोन भागांत कापतात. शिजल्यावर पंधरा-वीस मिनिटं थांबावं. पूर्ण गार झालेल्या रोस्टचे काप तर आणखी नेटके पडतात.

गैरसमज : उरलेला रोस्ट रात्रभर ओट्यावर ठेवला आणि सकाळी उकळला की झालं.
वस्तुस्थिती : सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच. ‘क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स’ या जीवाणूचे बीजाणू शिजवल्यावरही जिवंत राहू शकतात आणि मोठं भांडं हळूहळू कोमट होत जाताना त्यांतून निघालेले जीवाणू वेगाने वाढतात. काही जीवाणू अन्नात असं विष सोडतात की ते उकळूनही जात नाही. अशा अन्नाला वास येईलच असंही नाही. म्हणून रोस्ट दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवा. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासात. मोठा तुकडा कापून उथळ डब्यांत पसरावा म्हणजे लवकर गार होतो. ‘गरम ठेवलं तर फ्रिज बिघडतो’ ही भीती अशा लहान डब्यांबाबत बाळगू नये. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस, त्याहून जास्त ठेवायचं तर फ्रीझरमध्ये. खाताना लागेल तेवढाच भाग वाफा येईपर्यंत, म्हणजे ७४ अंशांपर्यंत, गरम करावा.

गैरसमज : शिळा रोस्ट म्हणजे पुन्हा तोच रोस्ट.
वस्तुस्थिती : पुन्हा तासभर शिजवला तर तो कोरडाच पडणार. त्यापेक्षा पातळ कापांचं चिली फ्राय करावं : कांदा, हिरवी मिरची आणि उकडलेला बटाटा आधी परतून मांस शेवटी घालावं. बारीक चिरून मसालेदार सारण केलं की बटाट्याच्या पारीत भरून पोटॅटो चॉप होतात. पातळ घावनात गुंडाळून, अंडं आणि ब्रेडचा चुरा लावून तळलं की पॅनरोल. भांड्याच्या तळाचा रसा टाकू नये. तो पावाला लावून सँडविच करता येतं किंवा भातावर वाढता येतो.

यंदा रोस्ट करताना खाटकाला ‘ट्राय-टिप आहे का’ असं विचारू नका. तुम्ही तो कसा शिजवणार आहात ते सांगा आणि त्याला साजेसा तुकडा मागा. आणि पाहुणे जेवून उठले की गप्पा सुरू करण्याआधी उरलेला रोस्ट फ्रिजमध्ये ठेवा.